उभ्या उभ्या

ओहोटी लागली की समुद्र साडेपाच तास उसना मिळतो.
फ्रिजियाच्या किनाऱ्यावर माझ्या वाट्याला आलेली वाट ती ही:
सात किलोमीटर घोट्याएवढा चिखल,
मध्ये दोन ओहोळ, त्यातला एक लबाड,
खांद्यावर टपालाची पिशवी,
आणि पलीकडच्या सपाट बेटावर
माणसांनी हातांनी रचलेल्या टेकाडांवरची चार घरं.
तीस वर्षं, आठवड्यातून दोनदा.

घड्याळ मी गळ्यात बांधायचो,
मनगट चिखलानं माखलेलं असायचं.
दोन तास जायला, दोन यायला,
उरल्या दीड तासात चार दारं.
हिशेब चोख. पाणी कधी गुडघ्यावर चढू दिलं नाही.
खात्यानं त्याबद्दल पितळी बिल्ला दिला.

शेवटचं दार ग्युडेचं.
ती दोन कप मांडून ठेवायची.
'ताडे, घटकाभर टेक.'
'पुढच्या खेपेला,' मी म्हणायचो,
आणि उंबऱ्यातूनच, उभ्या उभ्या,
तिच्या हातात विजेचं बिल, चर्चचं पत्रक.
दुसरा कप ती कोरडाच उचलून ठेवायची.
हे मला दिसायचं.
दिसत नव्हतं असं आता म्हणणार नाही.

मग एका ऑक्टोबरात धुकं उतरलं.
स्वतःचे पाय दिसेनात, ओहोळ कुठले दिसायला!
बारा तास अडकलो. बसलो.
कपात खडीसाखर टाकून तिनं वरून चहा ओतला,
साखर तडतडली, आम्ही दोघांनी ती ऐकली.
खूप वेळ बोलायला काही सुचेना.
मग तिनं पावाचा डबा उघडून एक पाकीट काढलं,
माझ्याच हातानं दिलेलं,
चार वर्षांपूर्वीचं, न फोडलेलं.
'बोयेचं आहे,' ती म्हणाली.
'एकटीनं वाचायचा धीर झाला नाही,
आणि बसणारं कुणी नव्हतं.'

मी वाचलं. लांबलचक काही नव्हतं.
आई, मी चुकलो. एक ओळ लिही, मी येतो.

चार वर्षं म्हणजे माझ्या चारशेवर खेपा.
चारशे वेळा मी ते उत्तर
त्या घरात रिकाम्या कपाशेजारी सोडून
वेळेवर परत आलो होतो.

तिनं लिहिलं: ये.
पहाटेच्या ओहोटीला ते निघालं.
तो आला. दहा आठवडे राहिला,
छप्पर शाकारलं, आईचे पाय चेपले.
जानेवारीत त्यानंच तिला खांदा दिला.

लहानपणापासून एक गोष्ट मला खटकायची.
याईराची मुलगी शेवटचे श्वास मोजते आहे,
बाप पुढे धावतो आहे,
आणि प्रभू भर रस्त्यात थांबून विचारतो,
मला शिवलं कोण?
माझ्यातला टपालवाला बाकावर चुळबुळायचा:
अरे, चल ना! खोळंबा होतोय!
ती बाई बारा वर्षं आजारी, तिला एक दिवस अजून चालला असता.
पण तो थांबतो. तिचं सगळं ऐकून घेतो.
तेवढ्यात मुलगी जाते.
तो जातो, आणि तिला हाताला धरून उठवतो.

मला मेलेलं कुणी उठवता येत नाही.
म्हणून तर मी आधी बसायला हवं होतं.

आता खुब्यात धातू आहे, चिखल बंद झाला.
बिल्ला खिळ्यांच्या बरणीत आहे.
सकाळी बांधावर जातो,
तिथं ती नवी पोरगी, काइके,
बूट काढून गळ्यात अडकवत असते.
पाण्याचं तिला माझ्यापेक्षा अधिक कळतं,
तिच्या फोनमध्ये भरती मिनिटामिनिटाला मोजलेली.
त्यावर मी काय सांगणार?
मी एवढंच विचारतो,
'परवा कुणाकडे बसलीस?'

ती हसते. पहिलं पाऊल चिखलात रुततं,
चपक् करून निघतं.
उत्तर अजून दिलेलं नाही तिनं.
मी मात्र प्रत्येक वेळी विचारतो.